हार्ड डिस्कचे फॉरमॅटिंग

हार्ड डिस्कवर माहिती लिहिता-वाचता यावी म्हणून तिच्यावर केली जाणारी आखणी. व्यवहारात 'कॉम्प्युटर फॉरमॅट मारला' असे म्हणताना डिस्कचे पार्टिशन (स्वतंत्र भाग) पाडणे, त्यावर फाइल सिस्टिम मांडणे आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकणे ही तिन्ही कामे एकाच शब्दात उरकली जातात. प्रस्तुत नोंदीत ती वेगळी धरली आहेत.

संज्ञेच्या व्याप्तीबद्दल एकमत नाही. मूळ अर्थाने फॉरमॅटिंग म्हणजे चुंबकीय पृष्ठभागावर ट्रॅक (वर्तुळाकार पट्टे) व सेक्टर (त्या पट्ट्यांचे लहान तुकडे) आखणे (लो-लेव्हल फॉरमॅटिंग). आखलेल्या डिस्कवर फाइलींची रिकामी नोंदवही तयार करणे हे हाय-लेव्हल फॉरमॅटिंग. युनिक्सच्या परंपरेत या दुसऱ्या कामाचा आदेश 'एमकेएफएस', म्हणजे 'फाइल सिस्टिम बनव', असा आहे. त्याला फॉरमॅटिंग म्हणूच नये, असे एक मत त्याच्या आधारे मांडले जाते. ते तर्कशुद्ध आहे. पण रुळलेला वापर पाहता दोन्ही पायऱ्यांना फॉरमॅटिंगच म्हणणे अधिक सोयीचे दिसते. घोटाळ्याचे मूळ बहुधा पीसी-डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असावे. १९८१ च्या पहिल्या आवृत्तीतला 'फॉरमॅट' आदेश फ्लॉपीवर दोन्ही कामे एकदम करी. १९८३ च्या २.० आवृत्तीत हार्ड डिस्क आली, तेव्हा तोच आदेश तिच्यावर फक्त दुसरे काम करू लागला. नाव मात्र तेच राहिले.

आखणीलाही जागा लागते. साडेतीन इंची हाय-डेन्सिटी फ्लॉपीची कोरी क्षमता २ मेगाबाइट. आखल्यावर ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर व प्रत्येकी ५१२ बाइट मिळून १४,७४,५६० बाइट उरतात. (तिच्यावर छापलेला '१.४४' हा आकडा १,००० आणि १,०२४ या दोन मापांची भेसळ आहे.) उरलेली जागा सेक्टरचा पत्ता सांगणारे शीर्षक, चूक ओळखण्याचा संकेत आणि दोन सेक्टरांमधली मोकळी पट्टी यांत जाते.

एमएफएम या जुन्या नोंदणी-पद्धतीच्या हार्ड डिस्कवर ही आखणी वापरणाऱ्याला स्वतः करावी लागे. डिस्क चालवणाऱ्या बऱ्याच कंट्रोलर कार्डांवर ती डॉसच्या डीबग प्रोग्रॅममध्ये 'जी=सी८००:५' असे टंकून सुरू होई आणि डिस्कच्या लेबलवर छापलेली खराब जागांची यादी हाताने भरावी लागे. शिवाय इंटरलीव्ह, म्हणजे सेक्टरांच्या क्रमांकांमधले अंतर, ठरवावा लागे. एका ट्रॅकवर १७ सेक्टर असत. एक वाचून पुढच्याची तयारी होईपर्यंत तो वाचणाऱ्या हेडखालून निघून जाई, म्हणून लागोपाठचे क्रमांक मुद्दाम अंतराने मांडत. ३:१ मांडणीत पूर्ण ट्रॅक तीन फेऱ्यांत वाचून होई. मंद कंट्रोलरवर १:१ मांडणी केली तर प्रत्येक सेक्टरसाठी पूर्ण फेरी, म्हणजे एकूण १७ फेऱ्या लागत. मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या डिस्कवर हा फरक सहज जाणवे. साधारणपणे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आयडीई (कंट्रोलर अंगभूत असलेल्या) डिस्क आल्या आणि आखणी कारखान्यातच होऊ लागली. आज 'लो-लेव्हल फॉरमॅट' या नावाने मिळणारे प्रोग्रॅम बहुतांशी सगळीकडे शून्ये लिहितात, इतकेच.

पार्टिशनची नोंद एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असते : ४४६ बाइट कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनसाठी, २ बाइट खुणेसाठी. सेक्टर क्रमांकाला ३२ बिटच असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरवर साधारण २.२ टेराबाइटपलीकडे ही पद्धत जात नाही; त्यापुढे जीपीटी ही नवी पद्धत लागते.

क्विक फॉरमॅटमध्ये नोंदवही कोरी होते, मजकूर जागेवरच राहतो. चुकून फॉरमॅट केलेल्या चुंबकीय डिस्कवरून फाइली परत मिळतात त्या यामुळे. विंडोज एक्सपीचा पूर्ण फॉरमॅटही खराब सेक्टर शोधण्यापुरते वाचन करी. शून्ये लिहिणे व्हिस्टापासून सुरू झाले. एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हवर, गणित बदलते. तिथे विंडोज फॉरमॅट करतानाच ट्रिमचा (ही जागा आता वापरात नाही, असे ड्राइव्हला कळवणारा) आदेश धाडते, त्यामुळे क्विक फॉरमॅटनंतरही माहिती परत मिळण्याची आशा धूसर असते. डिस्क दुसऱ्याला देण्यापूर्वी मात्र ट्रिमवर न विसंबता ड्राइव्हचा स्वतःचा सिक्युअर इरेज आदेश वापरणे बरे.

ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकताना पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर चालवून जुने पार्टिशन काढतात. इन्स्टॉलरच्या यादीत सी, डी ही ओळखीची अक्षरे सहसा नसतात. 'ड्राइव्ह ०, पार्टिशन २' असे क्रमांक आणि आकार दिसतात. बॅकअपची डिस्क जोडलेली राहिली तर नेमकी तीच पुसली जाऊ शकते. एक्सपीच्या काळात साटा या डिस्क-जोडणीचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्रॅम) नसला की इन्स्टॉलरला डिस्कच सापडत नसे. तेव्हा सुरुवातीलाच एफ६ दाबून ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यावा लागे. फॉरमॅट न करता त्याच पार्टिशनवर विंडोज टाकल्यास जुन्या फाइली 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमध्ये जातात. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'रीसेट'ची सोय अंगभूत असल्याने पेनड्राइव्हची गरजही बरीच कमी झाली. लिनक्समध्ये 'होम' (वापरणाऱ्याच्या फाइलींचे फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर असेल, तर फक्त सिस्टिमचे मूळ ('रूट') पार्टिशन फॉरमॅट करून भागते.