माहितीपत्रक हातात पडलं, म्हणजे संमती दिली का?

अमेरिकेत बाळाला दोन महिन्यांच्या लशी द्यायला नेलं की नर्स दोन पानी कागद हातात ठेवते. त्याआधी काउंटरवरच्या टॅबलेटवर तीन-चार सह्या झालेल्या असतात. पुढे कुणी विचारलं, 'लशीला संमती दिली होती का?', तर बहुतेक पालक त्या कागदाकडे बोट दाखवतात. न्यू जर्सीतले मराठी आईबाप असोत की तिथेच जन्मलेले, गोंधळ तोच. पुष्कळ दवाखानेही तो करतात, कारण फायलीत एकच खूण केली की दोन्ही कामं उरकल्यासारखी वाटतात.

तो कागद म्हणजे व्हॅक्सिन इन्फर्मेशन स्टेटमेंट, थोडक्यात व्हीआयएस. तो अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९८६च्या नॅशनल चाइल्डहूड व्हॅक्सिन इंज्युरी अॅक्टमुळे आला. दवाखाना सरकारी असो वा खासगी, लस घेणारा लहान असो वा मोठा, कायद्याच्या यादीतल्या लशीचा प्रत्येक डोस टोचण्याआधी सीडीसीने, म्हणजे केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेने, तयार केलेला हा कागद द्यावाच लागतो. पहिल्या डोसला दिला, आता दुसऱ्याला कशाला, हे चालत नाही. टोचून झाल्यावर घरी जाताना पिशवीत घातला, तर तेही चुकलंच. कागद स्क्रीनवर दाखवला तरी हरकत नाही, पण घरी न्यायला प्रत हवी का, हे विचारायचं.

सही मात्र हा कायदा मागत नाही. कायद्याला हव्यात त्या नोंदी: कागदाची आवृत्ती कोणत्या तारखेची, तो कधी दिला, लस कधी टोचली, कंपनी कोणती, लॉट नंबर (लस ज्या खेपेतली, तिचा क्रमांक) काय, टोचणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि पत्ता. यात हमखास चुकते ती आवृत्तीची तारीख. ती कागदाच्या तळाशी छापलेली असते. घाईत तिच्या जागी त्या दिवसाचीच तारीख लिहिली जाते आणि पालकांना नेमकी कोणती माहिती मिळाली, हे नंतर कळायला मार्ग राहत नाही. डीटॅप (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला), हेपटायटिस बी आणि पोलिओ एकाच सुईतून देणाऱ्या जोडलशीचा स्वतंत्र कागद नसेल, तर तिन्हींचे वेगळे किंवा बाळांसाठीचा एकत्रित कागद द्यायचा. एकच देऊन भागत नाही.

संमती ही वेगळीच गोष्ट. लसीकरणासाठी माहितीपूर्ण संमती घ्या, अशी केंद्राच्या कायद्यात अटच नाही, आणि हे सीडीसी स्वतः सांगते. संमतीचा कायदा राज्यांचा, आणि त्यातला बराचसा न्यायालयांनी घडवलेला. काही राज्यांत तोंडी होकार पुरतो, काही ठिकाणी लेखी लागतो. डॉक्टरने किती सांगायचं, याचीही दोन मापं आहेत: काही राज्यांत इतर डॉक्टर साधारणपणे जेवढं सांगतात तेवढं, तर काही राज्यांत निर्णय घेणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटेल ते सगळं. दुसरं माप रुळलं ते प्रामुख्याने वॉशिंग्टन डीसीतल्या १९७२च्या कँटरबरी विरुद्ध स्पेन्स खटल्यापासून.

फरक सोपा आहे: व्हीआयएस एका बाजूने दिला जातो, संमतीला दोन बाजू लागतात. समजा, घरात कुणाची केमोथेरपी चालू आहे आणि बाळाला जिवंत विषाणूची लस द्यायची आहे. छापील कागदाला तुमचं घर माहीत नाही. ते विचारायला माणूस लागतो, आणि 'समजलं, द्या' किंवा 'आज नको' म्हणायला दुसरा. व्हीआयएसमध्ये फायदे-धोके दोन्ही असल्यामुळे संमतीची पूर्वतयारी त्याने चांगली होते. पण फायलीत 'कागद दिला' असं लिहिलेलं असलं, तर त्यावरून फक्त कागद दिला एवढंच सिद्ध होतं.

संमती कोणाची, इथे राज्या-राज्यांत खरा फरक पडतो. ओरेगॉनमध्ये १५ वर्षांचं मूल स्वतःच्या उपचाराला, त्यात लसही आली, होकार देऊ शकतं. कॅलिफोर्नियात १२ वर्षांपासून, पण लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांच्या प्रतिबंधापुरतं. म्हणजे एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू) आणि हेपटायटिस बी यांच्या लशी. टेनेसीने २०२३मध्ये उलट दिशा धरली: अल्पवयीन मुलाला लस देण्याआधी पालकांची माहितीपूर्ण संमती हवीच, आणि कोविडच्या लशीसाठी ती लेखी.

केंद्राचा व्हीआयएसचा कायदा आणि संमतीचा स्थानिक कायदा समोरासमोर भिडले ते डीसीत. तिथे २०२०मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने ११ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या समजूतदार मुलाला पालकांना न विचारता लस घ्यायची मुभा दिली. मुलाच्या वयाला समजेल असं माहितीपत्रक आरोग्य विभागाने वेगळं काढावं, अशीही तरतूद होती. मार्च २०२२मध्ये केंद्रीय न्यायालयाने या कायद्याला तात्पुरती मनाई केली. एक महत्त्वाचं कारण व्हीआयएस: केंद्राचा कायदा म्हणतो, मुलाच्या बाबतीत तो कागद त्याच्या कायदेशीर पालकाला द्या. संमती मुलाची आणि कागद पालकांचा, अशी कात्री झाली. ज्याला निव्वळ पत्रक म्हणून आपण घडी घालून पर्समध्ये टाकतो, त्याने संमतीचा कायदा अडवून धरला.

व्हीआयएसच्या यादीत सगळ्या लशी नाहीत, हेही ध्यानात असू द्या. पुण्याहून आलेल्या आजीची नागिणीची लस किंवा भारतात जाण्याआधीची टायफॉइडची लस त्या सक्तीत येत नाही. सीडीसी कागद द्या म्हणते, पण तो आग्रह. राज्याचा संमतीचा नियम मात्र तिथेही लागू असतो.

काउंटरवर सही करताना मथळा वाचा. अनेकदा ती विम्याच्या बिलासाठी किंवा गोपनीयतेच्या धोरणासाठी असते. आणि व्हीआयएसचे शेवटचे परिच्छेद फेकू नका: गंभीर त्रास झाला तर कुठे कळवायचं आणि भरपाईचा अर्ज कुठे करायचा, ते तिथेच आहे. इजेच्या अर्जाची मुदत पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षं, आणि तेव्हा लॉट नंबरासारख्या नोंदी कामी येतात.