हर्ष

हर्ष : आनंदाची उसळलेली, अंगावर उमटणारी अवस्था. सुख किंवा समाधान शांत असू शकते. हर्षात थोडाफार क्षोभ असतोच. हा शब्द संस्कृत ‘हृष्’ धातूपासून आला आहे.

धातूचा मूळ अर्थ कोणता, यावर मतभेद आहेत. पाणिनीय धातुपाठात (संस्कृत व्याकरणातील धातूंच्या अर्थासह यादीत) तो दोनदा येतो : भ्वादिगणात ‘हृषु अलीके’ आणि दिवादिगणात ‘हृष तुष्टौ’ (गण म्हणजे धातूंचे वर्ग; ‘तुष्टि’ म्हणजे संतोष). पैकी ‘अलीक’ म्हणजे खोटेपणा. या अर्थाचा आनंदाशी मेळ घालणे अवघड आहे. ‘हृषेर्लोमसु’ (७.२.२९) या सूत्रानुसार केसांविषयी बोलताना ‘हृष्ट’ व ‘हृषित’ अशी दोन्ही रूपे चालतात, म्हणजे केस उभे राहणे हा अर्थ पाणिनीला परिचित होता. तौलनिक भाषाशास्त्रात हा धातू लॅटिन ‘होर्रेरे’ (ताठ उभे राहणे, शहारणे) याच्याशी जोडतात. दोन वेगळे धातू पुढे एकरूप झाले, असाही एक तर्क आहे, मात्र ‘उद्धर्षय मघवन्नायुधानि’ या ऋचेत (ऋग्वेद १०.१०३.१०) इंद्राने शस्त्रे आणि योद्ध्यांची मने दोन्ही एकाच क्रियापदाने उंचवावीत, अशी प्रार्थना आहे. त्यावरून उभारी हा समान अर्थ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

शहारा आनंदाचाच असतो असे नाही. भगवद्गीतेत अर्जुनाला विषादाने ‘रोमहर्ष’ होतो (१.२९), विश्वरूप पाहून विस्मयाने तो ‘हृष्टरोमा’ होतो (११.१४), तर संजय ‘हृष्यामि च मुहुर्मुहुः’ (१८.७६) असे निखळ आनंदाने म्हणतो. ‘हृषीकेश’ या नावाची ‘हृषीक’ (इंद्रिये) आणि ‘ईश’ अशी फोड रूढ आहे. महाभारतातील नारायणीय उपाख्यानात मात्र ते जगाला हर्षविणाऱ्या सूर्य-चंद्रकिरणरूपी केसांशी जोडले आहे.

नाट्यशास्त्रात (साधारणपणे इ. स. पू. २०० ते इ. स. २००, कालनिश्चिती विवाद्य) हर्ष हा ३३ व्यभिचारी (येणाऱ्या-जाणाऱ्या, क्षणिक) भावांपैकी एक आहे. इष्टप्राप्ती, प्रियजनांची भेट ही त्याची कारणे. प्रसन्न मुख, गोड बोलणे, आलिंगन, अश्रू, स्वेद ही चिन्हे. रोमांचही त्यांत येतो, पण आठ सात्त्विक भावांत (शरीरावर आपोआप उमटणाऱ्या विकारांत) त्याची स्वतंत्र गणना आहे. भय आणि क्रोधातही तो संभवत असल्याने ही विभागणी योग्यच म्हटली पाहिजे.

आयुर्वेदात दंतहर्ष (दात आंबणे) व पादहर्ष (पायांना मुंग्या) हे विकार आहेत. तेथे आनंदाचा संबंध नाही. चरकसंहितेतील श्रेष्ठ गोष्टींच्या यादीत मात्र ‘हर्षः प्रीणनानाम्’, म्हणजे तृप्ती देणाऱ्यांत हर्ष श्रेष्ठ, असे वचन आहे. पंचांगातील २७ योगांपैकी चौदावा ‘हर्षण’ होय.

जुन्या मराठीत ‘हरिख’ हे तद्भव (संस्कृत शब्दापासून बदलत आलेले) रूप आढळते. आज हर्षभरित, सहर्ष, हर्षोल्लास हे शब्द मुख्यतः लेखी भाषेत दिसतात. बोलण्यात ‘हर्षवायू होणे’ (आनंदाने भान सुटणे) तेवढे टिकून आहे, तेही बहुधा थट्टेने.