स्वच्छमंडल प्रतिरोपण व नेत्रदान (गोवा)

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे स्वच्छमंडल किंवा कॉर्निया, गढूळ झाल्यास तो काढून मृत दात्याचा निरोगी पडदा बसवण्याची शस्त्रक्रिया. बोलीत या विकाराला ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात. अख्खा डोळा बदलतात, हा समज चुकीचा आहे. बसवले जाते ते मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे पटल.

पहिले प्रतिरोपण कोणते, याविषयी मतभेद आहेत. जर्मन शल्यचिकित्सक राइझिंगर यांनी १८२४ च्या सुमारास कल्पना मांडली. आयरिश डॉक्टर बिगर यांनी इजिप्तमध्ये हरणावर, तर अमेरिकन डॉक्टर किसम यांनी १८३८ च्या सुमारास डुकराचे पटल माणसाला बसवून प्रयोग केला. ते लवकरच गढूळ झाले. माणसातील पहिले यशस्वी पूर्ण जाडीचे प्रतिरोपण सामान्यतः ऑस्ट्रियन नेत्रतज्ज्ञ त्सिर्म यांचे मानतात (ओलोमौत्स, आजचे चेक प्रजासत्ताक, ७ डिसेंबर १९०५). रुग्णाचे डोळे चुन्याने भाजले होते आणि पटल एका जिवंत मुलाच्या काढाव्या लागलेल्या डोळ्याचे होते. मरणोत्तर नेत्रदानाची परंपरा मात्र १९३० नंतर मृतांची पटले वापरणाऱ्या ओडेसाच्या (युक्रेन) नेत्रतज्ज्ञ फिलातोव्ह यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. भारतातील पहिली नेत्रपेढी १९४५ मध्ये मद्रासला निघाली.

मानवी अवयव प्रतिरोपण कायदा, १९९४ संसदेने केला तो ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले म्हणून, त्यांत महाराष्ट्र व हिमाचल प्रदेशाबरोबर गोवा होता. राज्याची अवयवदान समन्वय संस्था, सोट्टो, बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) आहे. पश्चिम विभागाची अशीच संस्था, रोट्टो, मुंबईच्या केईएम रुग्णालयात. डोळ्यांसाठी मेंदूमृत्यूची अट नाही. घरी मृत्यू झाला तरी नेत्रदान होते, आणि म्हणूनच सारी भिस्त घरच्यांनी नेत्रपेढीला केलेल्या फोनवर असते. नेत्रदानाचे प्रतिज्ञापत्र आधी भरलेले असले तरी त्या घटकेला घरच्यांनी होकार देऊन कळवावे लागते.

मृत्यूनंतर साधारण सहा तासांत पटल काढावे लागते. तोवर पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. काढायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा मधुमेह आड येत नाही. रेबीज, एचआयव्ही, काविळीचे ब व क प्रकार येतात. नेत्रदान पंधरवडा (२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर) अनेकदा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत येतो. सारे कुटुंब मूळ घरी जमलेले असताना हा विषय काढणे सोपे जाते.

रक्तगट जुळवावा लागत नाही, कारण पटलात रक्तवाहिन्या नसतात. केसाहून बारीक नायलॉनच्या टाक्यांनी ते शिवतात. पूर्ण जाडीच्या प्रतिरोपणात हे टाके बहुधा वर्षभर राहतात.