ईश्वरी तरतूद (मिशनरी प्रवासातील)

सुवार्तेसाठी परदेशी निघालेल्या माणसाच्या गरजा देव आधीच पाहून ठेवतो आणि अडलेली वाटही आपल्या योजनेत घेतो, ही ख्रिस्ती श्रद्धा. उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायात अब्राहामाला झुडपात अडकलेला मेंढा सापडतो, तेव्हा तो त्या जागेला ‘परमेश्वर पाहून देईल’ अशा अर्थाचे नाव देतो. मराठी मंडळ्यांत साक्ष देताना ‘यहोवा यिरे’ म्हणतात ते यावरूनच. प्रवासाचा नमुना मात्र पौलाचा. आशियात (तेव्हाच्या रोमन प्रांतात) वचन सांगायला त्याला मनाई होते, बिथुनियातही जाता येत नाही. मग त्रोवसात रात्री मासेदोनियाचा माणूस दृष्टान्तात दिसतो (प्रेषितांची कृत्ये १६). एक दार उघडण्याआधी दोन बंद झाली होती.

महाराष्ट्रात या श्रद्धेची कसोटी लागली ती अमेरिकन मराठी मिशनच्या आरंभी. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतील सेलम येथे पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली आणि ते दोन जहाजांनी कलकत्त्यास निघाले. मिशनऱ्यांमुळे राज्याला धोका पोचेल या भीतीने ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडण्यास सांगितले. त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू झाल्याने संशय वाढला. त्यांच्यातला अडोनिराम जडसन फिरत फिरत १८१३ मध्ये रंगूनला पोचला. ब्रह्मदेशातले त्याचे आयुष्यभराचे काम या हद्दपारीतून उभे राहिले.

त्या पाचांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. इथेही त्यांना इंग्लंडला धाडण्याचा हुकूम पाठोपाठ आला. ते गुपचूप निसटून कोचीनपर्यंत गेले, तिथून परत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने त्यांच्या बाजूचा होता, पण हुकमापुढे बांधलेला. हॉलने त्याला कळकळीची विनवणीपत्रे लिहिली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली आणि अखेर राहण्याची परवानगी मिळाली. लंडनमधला कायदा आणि मुंबईत ताटकळलेली दोन माणसे यांची वेळ अशी जुळली, यात मिशनने देवाचा हात पाहिला.

पण याच कथेत पाचांतल्या सॅम्युएल न्यूवेलची पत्नी हॅरिएट न्यूवेलही आहे. कलकत्त्याहून हद्दपार झाल्यावर समुद्रावरच तिचे तान्हे मूल गेले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसमध्ये ती वारली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी. सुखरूप पोचणे म्हणजेच तरतूद, असे मानले तर तिला या नोंदीत जागाच उरत नाही. तिच्या काळच्या ख्रिस्ती लोकांनी तसे मानले नाही. तिचे चरित्र वाचून पुढे कित्येक जण परदेशी गेले. तिचा पती सॅम्युएल १८१४ मध्ये मुंबईत हॉलला येऊन मिळाला आणि १८२१ मध्ये इथेच पटकीने गेला.

हॉलही मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनेच वारला. मिशनचा मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पुरा झाला.