देणं फिटलं, पण जुगार सुटला का?

निपाणी-चिकोडीकडे काय नि खानापूरकडे काय, मटक्यापायी पोरगा बुडाला की घरचे आधी देणं भागवायला धावतात. मामा पतसंस्थेतून उचल करतो, आईच्या पाटल्या गहाण पडतात, सौंदत्तीला नेऊन यल्लम्मासमोर भंडारा उचलायला लावतात. प्रकरण मिटलं म्हणायचं, आणि पुढचं ऊसबिल जमा होताच पुन्हा तेच. कर्ज वेगळं, व्यसन वेगळं, हे अजून घराघरांत सांगावं लागतं.

कर्जाबद्दल काय सांगायचं? हातउसने असोत, भिशी असो की लोन ॲप, रक्कम फेडली की विषय संपला.

व्यसन अडकलेलं असतं ते 'गेलेले काढायचेच' या ओढीत. मटक्याची जोडी घ्या. ०० ते ९९ असे १०० आकडे, आणि लागली तर रुपयाला साधारण ९० मिळतात. सगळ्या जोड्यांवर एकेक रुपया लावला तरी १० रुपये गेलेच. महिनाभर न आलेली जोडी उद्या येण्याची शक्यताही शंभरात एकच. हरलेल्याला मात्र वाटतं, आता ती जवळ आली, आणि तो डाव वाढवतो. अशा वेळी घरच्यांनी देणं फेडलं की तगादा थांबतो, बाजारात त्याची पत पुन्हा उभी राहते, ओढ तिथंच राहते.

मानसोपचारात निदानासाठी ९ लक्षणं पाहतात. १२ महिन्यांत त्यांतली ४ दिसली की व्यसन धरतात. हरलेलं काढायला परत जाणं, खोटं बोलणं, रक्कम वाढवल्याशिवाय मजा न येणं, थांबवलं की चिडचिड, ही त्यांतलीच. शेवटचं लक्षण नीट वाचा: जुगारानं आलेल्या अडचणीतून सुटायला दुसऱ्यांच्या पैशावर विसंबणं. घरचे ज्याला उपाय समजतात, ते दवाखान्यात लक्षण म्हणून लिहिलं जातं.

म्हणून देणं फेडायचंच असेल तर आधी सगळ्या देण्यांची लेखी यादी त्याच्याकडून घ्या. लपवलेलं एखादं कर्ज हमखास निघतं. पैसे त्याच्या हातात न देता ज्याचं देणं आहे त्याला थेट द्या, कोरे चेक आणि सही केलेले कागद परत घ्या. पगार किंवा ऊसबिल काही महिने घरच्या दुसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवा, यूपीआयची मर्यादा कमी करा.

'मर्यादेत खेळ' हा सल्ला अधूनमधून खेळणाऱ्यापुरता ठीक: रक्कम आधी ठरवायची, ती गेली की उठायचं, उसनं कधीच नाही. व्यसन लागलेल्याला तो लागू पडत नाही, त्यानं पूर्ण थांबायला हवं. आणि 'लग्न लावून द्या, सुधारेल' हे तर कृपा करून बंद करा. त्यात परक्या मुलीचं सोनं जातं.

उपचारासाठी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे, धारवाडची डिमहान्स ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. मटका बेकायदा असला तरी डॉक्टरांपाशी बोलायला भिऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. पहिल्या भेटीला घरचं एक माणूस आणि ती देण्यांची यादी सोबत न्या.

देणं उघड झाल्यावरचे काही दिवस सगळ्यांत धोक्याचे. 'जगून काय करू' असं तो एकदा जरी बोलला तरी त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशकाची बाटली घरातून हलवा आणि त्याच क्षणी १४४१६ लावा.