रंगवलेली फरशी आणि ‘रचनावादी’ वर्ग : पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गात पाऊल टाकलं की अनेक ठिकाणी नजर आधी खाली जाते. फरशीवर ऑइलपेंटने आखलेला १ ते १००चा तक्ता, शेजारी मुळाक्षरांच्या चौकटी. भिंतीच्या तळाशी, बसलेल्या मुलाचा हात सहज पोहोचेल इतकाच उंच काळा पट्टा असतो. त्याला तळफळा म्हणतात. अशा खोलीला शिक्षकांच्या बोलण्यात ‘रचनावादी वर्ग’ असं नाव पडलं आहे.

पंतोजींच्या काळी ओसरी आणि धुळपाटी एवढ्यावर शाळा भागायची. इंग्रजी अमदानीत फळा समोर आला आणि मुलं त्याच्याकडे तोंड करून रांगेत बसली. पुढे कित्येक दशकं प्रश्न मांडणीचा नव्हताच, खोलीचा होता. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य द्यायचं ठरवलं. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन इयत्ता. मग समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे आणि पाठीला पाठ लावून बसलेले दोन वर्ग. शिक्षकांनी गरजेतून काढलेली ही मांडणी आजही दिसते, पण तिची नोंद फारशी कुणी घेत नाही.

२००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतः ज्ञान रचतं हा विचार मध्यभागी आणला. २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली हा निकष घातला. आपल्याकडे मात्र वर्गाचं रूप पालटलं ते सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमुळे (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट). तिथल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक आले, फोटो काढून घेऊन गेले. २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी लोकसहभागातून रंगाचे डबे आले.

खरा गुंता इथे आहे. ‘ज्ञानरचनावाद’ हा शिकण्याविषयीचा सिद्धान्त, पण फोटोत दिसते ती फरशी. पाहता पाहता शब्दाचा अर्थच सरकला. ‘तुमची शाळा रचनावादी झाली का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो, मागच्या महिन्यात रंगवली’ असं मिळू लागलं. भेटीला येणाऱ्यांनाही रंग चटकन मोजता येतो. मूल चिंचोके मोजताना कुठे अडलं, हे पाहायला त्याच्याशेजारी अर्धा तास बसावं लागतं. छापील तक्ता खाली उतरवून फरशीवर आखला आणि त्यावरून मुलांकडून एका सुरात आकडे म्हणून घेतले, तर ती जुनीच घोकंपट्टी झाली.

तरीही या रंगकामाला दिखाऊ म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे. पूर्वी तक्ते मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर टांगलेले असत आणि साहित्य कुलूपबंद कपाटात असे, कारण मोडलं तर हिशेब द्यावा लागायचा. आता आइस्क्रीमच्या काड्यांचे रबर लावलेले दशक (दहा-दहाचे गठ्ठे), मण्यांच्या माळा, शब्दपट्ट्या उघड्या टोपल्यांत खाली आल्या. मुलगी स्वतः उठते, तीन दशक आणि चार सुट्या काड्या आणते, ३४वर ठेवते. शिक्षिका तिच्याशेजारी खाली बसलेली असते. मला मोठा बदल दिसतो तो शिक्षिकेची बसायची जागा बदलली, यात.

बाकांचा वादही यातूनच आला. खासगी इंग्रजी शाळेत बाक असतात आणि आमची मुलं मात्र बसकरपट्टीवर का, ही पालकांची तक्रार खोटी नाही. पावसाळ्यात ओल चढलेल्या फरशीवर पाच तास बसणं सोपं नसतं. पण लहान खोलीत बाक लागले की तक्ता झाकला जातो, गट करता येत नाहीत आणि बाकाच्या उंचीमागे तळफळा निरुपयोगी होतो. त्यामुळे काही शाळांनी पहिली-दुसरी खाली आणि तिसरीपासून बाक अशी वाटणी केली. मला ती सर्वांत समंजस वाटते.

२०२१मध्ये केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान आलं आणि भर पायाभूत वाचन व संख्याज्ञानाकडे वळला. २०१५-१६चा रंग तोवर अनेक ठिकाणी उडाला होता. रोजच्या झाडण्या-पुसण्यात आणि मुलांच्या पायांखाली आधी दारालगतच्या चौकटी जातात. पुन्हा रंगवायचं तर पैसे बहुतेक वेळा गावाकडूनच उभे करावे लागतात. तळफळ्याला मात्र काळ्या रंगाचा एक हात पुरतो.