बोट लागते म्हणून उपाशी जाऊ नका

साताऱ्याहून मालदीवला निघालेल्या प्रत्येकाला घरून एक सल्ला मिळतोच: "मासे धरायला बोटीवर जाणार ना? मग पोटात काही ठेवू नका, उलटी होणार नाही." पसरणी घाटात एसटी लागते म्हणून आपल्याकडे रूढ झालेला हा उपाय. पण चुकीचा.

बोट लागते ती पोटामुळे नव्हे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, आपण हलतोय. डोळ्यांना मात्र समोरचा बाक जागेवरच दिसतो. या विसंगतीनं मळमळतं. रिकाम्या पोटी उलट जास्तच, आणि उलटीत नुसतं पित्त पडतं. दोन तास आधी दोन इडल्या किंवा टोस्ट खावेत. मिसळ-वडा नको, एवढंच.

मालदीवात संध्याकाळी धोणी नावाची बोट प्रवाळाजवळ नांगर टाकून उभी राहते. काठी नसते, हातात नुसता दोर आणि गळ. खरी परीक्षा तिथंच. चालत्या बोटीपेक्षा उभी बोट जास्त डुलते, त्यात डिझेलचा वास, आणि तुम्ही मान खाली घालून गळाला आमिष लावत बसलेले! ते काम खलाशाला करू द्या, तो हसत करतो. तुम्ही बोटीच्या मध्यावर बसा, उजेड आहे तोवर क्षितिजाकडे बघा.

गोळी घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी तासभर. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा माशांनाच मिळते.